सौना, बंबाचे पाणी आणि गरम कुंडे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडीची चाहूल लागली की स्नानाविषयीची पत्रे वाढू लागतात. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी सात निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्नांचा आशय तेवढा ठेवला आहे. ज्यांना हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच या उत्तरांचा उपयोग करावा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त हेलसिंकीजवळ एस्पो येथे राहतो. त्याच्या इमारतीत सर्वांसाठी एक सौना, म्हणजे घाम येण्यासाठी तापवलेली खोली, आहे आणि दर आठवड्याला त्याच्या कुटुंबाची तासाभराची पाळी ठरलेली असते. डिसेंबरात आम्ही उभयता तिकडे जात आहोत. माझे वय ६६ असून रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. एरवी त्रास नाही. मुलगा म्हणतो, सौनाने हृदयविकार टळतो. सौ. म्हणते, ऐंशी अंशांच्या खोलीत बसणे म्हणजे संकटाला आमंत्रण. काय करावे? (एक ज्येष्ठ वाचक, पुणे)

उत्तर : आपला रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असेल, दोन जिने चढताना छातीत दुखत नसेल किंवा धाप लागत नसेल आणि अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला नसेल, तर सौनात बसण्यास हरकत नाही. मात्र मुलगा ज्या बाकावर आणि जितका वेळ बसतो, त्या बाकावर आणि तितका वेळ आपण बसू नये. असे का, हे कळण्यासाठी त्या खोलीत शरीराचे काय होते ते पाहू.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि तेथील सौनांची संख्या सुमारे ३० लाख सांगितली जाते. २०२० साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सौना म्हणजे लाकडाने मढवलेली लहानशी खोली. कोपऱ्यातल्या शेगडीवर दगड रचलेले असतात आणि समोर पायऱ्यांसारखे चढत गेलेले लाकडी बाक. वरच्या बाकाशी हवा ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तरी ती अंगाला सोसते, कारण ती कोरडी असते आणि आलेला घाम लगेच उडून जाऊन त्वचा थंड करतो. अधूनमधून लाकडी डावाने दगडांवर पाणी टाकतात. त्यातून उठणाऱ्या वाफेला तेथील लोक ‘लोय्ल्यू’ म्हणतात. ही वाफ त्वचेवर येऊन पाणी होते आणि होताना आपली उष्णता त्वचेला देते, म्हणून क्षणभर कानांच्या पाळ्या आणि खांदे चटकल्यासारखे वाटतात. नवख्या माणसाला नेमक्या याच क्षणी घाबरायला होते. मुलाला सांगून ठेवावे की पाणी बेताने टाक.

आत गेल्यावर काही मिनिटांतच त्वचेचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि शरीराच्या आतले तापमान हळूहळू सुमारे एक अंशाने वाढते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाला जास्त रक्त फिरवावे लागते आणि नाडी मिनिटाला १०० ते १५० पर्यंत चढते. भरभर चालताना हृदय जेवढे काम करते, जवळजवळ तेवढे काम ते येथे बसल्या जागी करते. रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे बाहेर आल्यावर काही काळ रक्तदाब नेहमीपेक्षा कमी राहतो आणि अर्धा लिटरपर्यंत पाणी घामावाटे गेलेले असते. सौनाचा लाभ या कामात आहे आणि धोकाही याच कामात आहे.

आपल्या मुलाने बहुधा ज्या अभ्यासाविषयी वाचले असावे, तो पूर्व फिनलंडमधील क्वोपिओ परिसरात झाला. ४२ ते ६० वर्षे वयाच्या २,३१५ पुरुषांची १९८४ ते १९८९ या काळात नोंद करून त्यांच्या प्रकृतीवर सुमारे २० वर्षे लक्ष ठेवले गेले आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदाच सौनात बसणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा बसणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचा धोका ६३ टक्क्यांनी, तर कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी कमी आढळला. पुढे याच पुरुषांच्या नोंदींतून उच्च रक्तदाब आणि स्मृतिभ्रंश यांचे प्रमाणही वारंवार सौनात बसणाऱ्यांमध्ये कमी असल्याचे दिसले.

हे आकडे मोठे आहेत, म्हणूनच ते नीट वाचले पाहिजेत. चार ते सात वेळा बसणाऱ्या गटात २०१ पुरुष होते आणि अचानक मृत्यू आलेले त्यांच्यातले १० जण. इतक्या थोड्या मृत्यूंवरून काढलेली टक्केवारी दिशा दाखवते, नेमके माप दाखवत नाही. शिवाय ज्याची तब्येत ठणठणीत आहे, ज्याला वेळ आणि स्वास्थ्य आहे, तोच आठवड्यातून पाच वेळा सौनात जातो. ज्याला धाप लागते तो आपणहून जाणे कमी करतो. संशोधकांनी वय, धूम्रपान, रक्तदाब, व्यायाम इत्यादींचा हिशेब धरला असला तरी हा फरक गणिताने पुरता पुसता येत नाही. सौनात अजिबात न बसणारे लोक तेथे जवळपास सापडलेच नाहीत, त्यामुळे तुलना झाली ती कमी बसणाऱ्यांची आणि जास्त बसणाऱ्यांची. माझे मत असे की नियमित, बेताची उष्णता रक्तवाहिन्यांना हितकारक असण्याची शक्यता बरीच आहे. पण या अभ्यासाच्या भरवशावर रक्तदाबाची एकही गोळी कमी करू नये.

आता प्रत्यक्ष बसण्याविषयी. पहिल्या दिवशी सर्वांत खालच्या बाकावर, पाच ते आठ मिनिटे बसावे. गरम हवा वर जाते, म्हणून खालच्या आणि वरच्या बाकाच्या तापमानात पुष्कळ अंतर असते. बाकावर छोटा टॉवेल अंथरावा, हा तेथील रिवाजही आहे. आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावे. उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसावे आणि मग आधार घेऊन उभे राहावे. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची प्राझोसिन, टॅम्सुलोसिन या वर्गातील गोळी चालू असेल, लघवी वाढवणारी गोळी असेल किंवा छातीतल्या दुखण्यासाठी नायट्रेट असेल, तर उभे राहताना रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून हे विचारून घ्यावे. औषधाचा पॅच त्वचेवर चिकटवलेला असेल तर उष्णतेने औषध जास्त वेगाने रक्तात उतरते, त्यामुळे अशांनी सौना टाळावा.

त्याचबरोबर मद्य कटाक्षाने टाळावे. फिनलंडमध्ये १९९० ते २००२ या काळात सौनात झालेल्या मृत्यूंचा आढावा घेतला गेला, तेव्हा वर्षाला लाख लोकांमागे दोनपेक्षा कमी मृत्यू आढळले; मात्र त्यांतले निम्मे लोक मद्याच्या अमलाखाली होते. सहनशक्तीची परीक्षाही पाहू नये. फिनलंडमधील हेनोला येथे सौनात कोण जास्त वेळ बसतो याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० साली ११० अंशांच्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला, दुसरा गंभीर भाजला आणि त्यानंतर ती स्पर्धा कायमची बंद झाली. तरुण मंडळी सौनातून निघून बर्फात किंवा तळ्यात उतरतील. आपण पंचा गुंडाळून शेजारच्या खोलीत शांत बसावे. ज्यांना विश्रांतीतही छातीत दुखते, ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांच्या हृदयाची महाधमनीकडील झडप फार अरुंद झाली आहे, त्यांनी सौनात जाऊच नये.

प्रश्न : आईचे वय ७८ आहे. आमच्याकडे थंडी कडाक्याची असते, तरी पहाटे पाचला कढत पाण्याने अंघोळ केल्याशिवाय ती देवपूजेला बसत नाही. न्हाणीघराची खिडकी घट्ट लावून, आतला गॅस गिझर चालू ठेवून ती बराच वेळ अंघोळ करते. गेल्या आठवड्यात बाहेर आल्यावर तिला चक्कर आली, डोके दुखले, मळमळले. वयामुळे असे होते का? गरम पाणी बंद करावे का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : गरम पाण्याचा विचार नंतर करू. आधी तो गिझर आजच्या आज न्हाणीघराबाहेर काढावा आणि तो निघेपर्यंत पाणी दुसरीकडे तापवावे.

डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर ही तिन्ही लक्षणे एकत्र, तीही बंद खोलीत गॅस जळत असताना दिसली, तर प्रथम कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्यायचा. लहान खोलीतला प्राणवायू ज्योत वापरून टाकते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदू आणि हृदय यांना प्राणवायू पोहोचेनासा होतो आणि माणूस हाक मारण्याआधीच शुद्ध हरपतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू असलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते आणि आकडा चांगला येतो. त्यावर विसंबून घरी थांबू नये. असे कोणी आत पडलेले आढळले तर दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात नेल्यावर ‘बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे प्राणवायू लगेच सुरू होईल आणि योग्य रक्ततपासणीही होईल. दरवर्षी थंडीत असे मृत्यू होतात आणि त्यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो, म्हणून इतक्या आग्रहाने लिहीत आहे. गिझर बाहेर बसवून फक्त नळ आत आणला आणि जळालेला वायू उघड्यावर जाईल अशी सोय केली की प्रश्न मिटतो.

चक्कर येण्याचे दुसरे कारण रक्तदाबाशी निगडित आहे आणि त्याविषयी जपानकडून बरेच शिकता येते. तेथे घरोघरी खोल टबात खांद्यापर्यंत बुडून, ४० ते ४२ अंशांच्या पाण्यात बसण्याची चाल आहे. ३० हजारांवर मध्यमवयीन जपानी स्त्री-पुरुषांवर १९९० ते २००९ लक्ष ठेवून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळजवळ रोज टबात बसणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण, आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा बसणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी दिसले. त्याच जपानमध्ये स्नानाशी संबंधित मृत्यू वर्षाला सुमारे १९ हजार होत असावेत, असा सरकारी पाहणीचा अंदाज आहे. मरण पावणारे बहुतेक वृद्ध असतात आणि महिने थंडीचे. गार खोलीत कपडे उतरवताना रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, कढत पाण्यात शिरल्यावर त्या सैल होऊन तो उतरतो आणि टबातून उठताना आणखी खाली येतो. वृद्ध माणसाला तेथेच भोवळ येते आणि तो पाण्यात बुडतो. म्हणून तेथील ग्राहक संरक्षण खाते सांगते की पाणी ४१ अंशांच्या आत असावे, दहा मिनिटांच्या आत बाहेर यावे, आधी न्हाणीघर आणि कपडे बदलण्याची खोली उबदार करावी आणि घरातल्यांना सांगून आत जावे.

आपल्याकडे बादली-तांब्याची अंघोळ असल्यामुळे बुडण्याची भीती नाही, पण गार फरशी, कढत पाणी आणि पाटावरून झटकन उठणे ही बाकीची साखळी तशीच आहे. आईंना पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर अंघोळ करायला मनवता आले तर उत्तम. ते जमत नसेल तर त्या आत जाण्यापूर्वी गरम पाण्याच्या दोन-तीन बादल्या भरून ठेवाव्यात, म्हणजे वाफेने खोली उबदार होईल. बुटक्या पाटाऐवजी हातांचा आधार असलेले प्लास्टिकचे स्टूल द्यावे, भिंतीला धरायला दांडी बसवावी आणि आतून कडी लावू नये. वय झाल्यावर कातडीला चटका उशिरा समजतो, म्हणून पाणी घरातल्या दुसऱ्या कोणी कोपराने पाहावे. फार कढत पाणी आणि रोज सर्वांगाला साबण, यांनी वृद्धांची कातडी थंडीत कोरडी पडून खाजते. साबण काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता ठेवून अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे.

‘आधी डोक्यावर पाणी घेतले तर पक्षाघात होतो’ असा संदेश मोबाइलवरून फिरतो आणि आपणही तो पत्रासोबत पाठवला आहे. कोमट पाण्याच्या बाबतीत त्याला पुरावा नाही. गार पाणी मात्र एकदम अंगावर घेतल्यास रक्तदाब झटक्यात चढतो, त्यामुळे पायांपासून सुरुवात करून वर येणे ही जुनी रीत वृद्धांसाठी चांगलीच आहे. डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये, असे आयुर्वेदानेही सांगितले आहे. गरम पाणी कमरेखाली हितकर आणि डोक्यावर मात्र केस व डोळे यांना अहितकर, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

एवढे करूनही चक्कर येत राहिली तर झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्यावा.

प्रश्न : व्यायामशाळेत व्यायामानंतर मी २० मिनिटे सौनात किंवा वाफेच्या खोलीत बसतो. वजन ७०० ग्रॅमने उतरते. प्रशिक्षक म्हणतात, घामातून विषारी द्रव्ये जातात. आता त्यांनी बर्फाच्या पाण्याचा टबही आणला आहे. (एक तरुण वाचक, ठाणे)

उत्तर : उतरलेले ७०० ग्रॅम हे पाणी आहे आणि ते पाणी प्यायल्यावर परत येते, परत आलेच पाहिजे. घामात ९९ टक्के पाणी, उरलेल्यात मुख्यतः मीठ आणि इतर द्रव्ये नावापुरती असतात. शरीरातील टाकाऊ द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम गाळून त्यांना मदत होत नाही, उलट पाणी कमी पडले तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

तरी व्यायामानंतरचा सौना निरुपयोगी नाही. फिनलंडमधील युवास्कुला येथे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, बैठे काम करणाऱ्या लोकांना आठ आठवडे व्यायाम दिला आणि त्यांच्यापैकी एका गटाला प्रत्येक व्यायामानंतर १५ मिनिटे सौना. या गटाचा दमसास जास्त वाढला आणि वरचा रक्तदाब नुसत्या व्यायामाच्या गटापेक्षा सुमारे ८ मिलिमीटरने जास्त उतरला. लोक पन्नासच्या आसपासच होते, पण चिठ्ठ्या टाकून गट केल्यामुळे या प्रयोगाला वजन आहे. वाफेच्या खोलीला मात्र हाच निष्कर्ष लावू नये. तेथे तापमान ४० ते ५० अंश असले तरी हवा पाण्याने भरलेली असते, घाम उडत नाही आणि अंग लवकर तापते. दहा मिनिटे तेथे पुरे.

बर्फाच्या पाण्याने दुखरे अंग हलके वाटते, हे खरे. परंतु स्नायू वाढवणे हा उद्देश असेल तर वजने उचलल्यानंतर लगेच त्यात बसणे उलट पडते. १२ आठवडे व्यायामानंतर दहा मिनिटे थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले, असे २०१५ च्या एका प्रयोगात दिसले आहे. हॉलंडमध्ये ३,००० हून अधिक लोकांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात रोजच्या गरम शॉवरच्या शेवटी ३० ते ९० सेकंद थंड पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी झाल्या; आजारी वाटण्याचे दिवस मात्र कमी झाले नाहीत. सौनातून उठून थेट बर्फाच्या टबात उडी घेऊ नये. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, नाडी आणि रक्तदाब उसळतात आणि हृदयाची लय बिघडण्याची वेळ असली तर ती हीच असते.

प्रश्न : आयुर्वेदातील स्वेदन (घाम काढण्याचा उपचार) आणि सौना एकच का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : रचना आश्चर्य वाटावे इतकी मिळतीजुळती आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साह्याने द्यायच्या स्वेदाचे १३ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला जेन्ताक हा प्रकार म्हणजे चक्क तापवलेले घर आहे. मातीने लिंपलेले गोल घर, त्याला पुष्कळ झरोके, भिंतीच्या कडेने चौफेर ओटा, मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झाकण असलेली भट्टी आणि तीत खैरासारखी लाकडे. धूर निघून जाऊन घर तापले की अंगाला तेल लावून, वस्त्र पांघरून रुग्णाने आत जायचे. घाम मोकळा सुटून अंग हलके वाटले की बाहेर यायचे. मात्र बाहेर आल्या आल्या थंड पाण्याला शिवायचे नाही, मुहूर्तभर थांबून कोमट पाण्याने स्नान करायचे. स्वेद कोणाला देऊ नये या यादीत गर्भवती, नेहमी मद्य घेणारे, अतिसाराचे रुग्ण आणि मधुमेही यांची नावे आहेत. सौनाविषयी आजचा डॉक्टर ज्यांना सावध करतो, त्यांच्यातील बरेच जण या यादीत आहेत, हे मला फार मोलाचे वाटते.

एका सूचनेबाबत मात्र आज वेगळे वागावे. मूर्च्छा येत असली तरी ओटा सोडू नये, नाहीतर दार सापडणार नाही, असे तेथे बजावले आहे. त्या अंधाऱ्या, गरम घराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. आज भोवळ येऊ लागताच सोबतच्या माणसाला हाक मारावी आणि बाहेर येऊन पाय वर करून आडवे व्हावे.

उद्देश मात्र निराळा आहे. स्वेदन ही उपचाराची पायरी आहे. स्नेहनानंतर (तेल-तुपाच्या उपचारानंतर) आणि पंचकर्माआधी, विशिष्ट आजारात, वैद्याच्या देखरेखीखाली ती करायची असते. सौना ही निरोगी माणसाची आठवड्याची सवय. म्हणून फिनलंडचे आकडे दाखवून कोणी स्वेदनाचे पॅकेज विकत असेल, तर ते आकडे त्या उपचाराचे नाहीत हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : वडिलांना गुडघेदुखी आहे आणि १५ वर्षांपासून मधुमेह. गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या किंवा कोकणातील तुरळ, राजवाडी येथील गरम कुंडांत नेले तर गुण येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गुडघ्याला तात्पुरता आराम पडेल. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, उष्णतेने स्नायू सैल पडतात आणि गुडघ्याच्या झिजेवर गरम पाण्याच्या स्नानाने काही आठवडे वेदना कमी होतात, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. झीज भरून येत नाही. पालघर-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या या झऱ्यांत पावसाचेच पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. काही ठिकाणी येणारा गंधकाचा वास त्यात विरघळलेल्या वायूचा असतो. या वासात औषध आहे असे मानण्यापेक्षा उष्णतेला श्रेय द्यावे.

आपल्या वडिलांबाबत मला काळजी आहे ती पायांची. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर भाजत असल्याचे त्यांना कळणार नाही, आणि काही झऱ्यांचे पाणी उगमापाशी अंग भाजेल इतके गरम असते. पाण्यात आधी आपण उतरावे, तापमान स्वतः पाहावे. पायाला भेग किंवा जखम असेल तर त्यांना काठावरच बसवावे. इन्सुलिन घेत असतील तर टोचल्यानंतर लगेच गरम पाण्यात बसू देऊ नये, कारण उष्णतेने ते भराभर रक्तात उतरते आणि साखर एकदम घसरते. कुंडात कोणीही डोके बुडवू नये. कोमट-गरम गोड्या पाण्यात वाढणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार अत्यंत विरळ आहे, पण झाला तर बहुधा जीवघेणा ठरतो.

प्रश्न : आम्ही मूल व्हावे यासाठी प्रयत्न करत आहोत. पतीला सौनाची आवड आहे. पुढे गर्भ राहिल्यावर मी गरम पाण्याने अंघोळ करावी की नाही? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. इटलीत दहा निरोगी पुरुषांना तीन महिने, आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटे सौनात बसवले तेव्हा शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटल्या. सौना थांबवल्यानंतर सहा महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या. तेव्हा पतीने सध्या सौना आणि गरम टब बंद ठेवावेत. आपण रोजच्या गरम पाण्याची बादलीभर अंघोळ गरोदरपणीही निर्धास्त करावी. सौना, वाफेची खोली आणि गरम पाण्याचा टब मात्र टाळावा, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कारण शरीराच्या आतले तापमान ३९ अंशांच्या वर गेल्यास गर्भाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : झोप लवकर येत नाही. रात्री गरम पाण्याने अंघोळ करून लगेच झोपावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अंघोळ करावी, पण लगेच झोपू नये. झोप लागण्यासाठी शरीराच्या आतले तापमान थोडे उतरावे लागते. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त येते आणि त्या वाटेने आतली उष्णता बाहेर पडते. यास थोडा वेळ लागतो. २०१९ साली टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी उपलब्ध प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यात ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने, झोपण्याच्या एक ते दोन तास आधी अंघोळ केल्यास झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते असे आढळले. दहा मिनिटांची अंघोळही पुरते. आपण ११ वाजता आडवे होत असाल तर ९ ते १० च्या दरम्यान, रात्रीच्या जेवणाआधी किंवा जेवणानंतर निदान तासाभराने अंघोळ करावी. सर्वांगाची अंघोळ जमत नसेल तर गुडघ्याखाली पाय बुडतील एवढ्या कोमट-गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसावे. हातापायांतून उष्णता बाहेर टाकण्याचे काम त्यानेही बऱ्याच प्रमाणात साधते. महिनाभर असे करूनही झोप येत नसेल, तर चहा-कॉफीची शेवटची वेळ आणि चालू औषधे लिहून काढून डॉक्टरांकडे जावे.